ई-सिगारेट : जुनी सवय, नवी उपकरणे, बदललेला कायदा

नागपूरच्या इतवारीत घाऊक व्यापारातील बहुतेक जिनसा मिळतात. सराफा ओळीतील सोन्या-चांदीपासून मस्कासाथ परिसरातील किराणा मालापर्यंत पूर्व विदर्भाची मोठी खरेदी पिढ्यान्‌पिढ्या येथे होत आली आहे. कायद्याने विकताच येत नाहीत अशा मोजक्या वस्तूंमध्ये मात्र ई-सिगारेटचा समावेश होतो. सुमारे दशकापूर्वी ई-सिगारेट ओढणारे आणि नंतर ती सोडून दिलेले अनेक जण शहरांत आहेत. त्यांपैकी कुणाला पुन्हा तिची आठवण झाली, तर पहिला प्रश्न सहसा 'आता कोणते उपकरण घ्यावे' हा असतो. परंतु मधल्या काळात उपकरण, त्यातील द्रव, देशाचा कायदा आणि सोडणाऱ्याचे स्वतःचे शरीर या चारही गोष्टी बदलल्या आहेत. त्यामुळे जुना अनुभव या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. उलट तोच धोक्याचा ठरू शकतो.

उगम आणि कार्य

तंबाखू न जाळता धूम्रपानाचा आभास देणाऱ्या उपकरणाचे पेटंट हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकी गृहस्थांना १९६५ मध्ये मिळाले होते. मात्र ते बाजारात रुजले नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय होन लिक या चिनी औषधनिर्माणतज्ज्ञाला दिले जाते. त्यांनी २००३ मध्ये ती विकसित केली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ती युरोप-अमेरिकेत पोहोचली.

तिची रचना साधी आहे. विद्युत्‌घट, तापणारी तारेची कॉइल, कापसाची वात आणि द्रवाची कुपी हे तिचे मुख्य भाग होत. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. वातीने शोषलेला द्रव कॉइलच्या उष्णतेने उडतो आणि सूक्ष्म थेंबांच्या रूपाने फुप्फुसात जातो. बोलीभाषेत यास 'वाफ' म्हटले जात असले, तरी ती पाण्याची वाफ नव्हे. वात कोरडी पडली किंवा कॉइल अति तापली, की याच द्रवातून फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात.

उपकरणांच्या चार पिढ्या

पहिल्या पिढीतील उपकरणे हुबेहूब सिगारेटसारखी दिसत. दुसऱ्या पिढीत पेनाच्या आकाराची, पुन्हा भरता येणारी उपकरणे आली. २०१३ नंतर 'मॉड' नावाची पेटीवजा उपकरणे लोकप्रिय झाली. त्यांत सुटे विद्युत्‌घट घालून शक्ती कमी-जास्त करता येई, कॉइल बदलता येई आणि मोठे ढग काढता येत. २०१५ मध्ये अमेरिकेत 'जूल' हे पेनड्राइव्हएवढे उपकरण आले आणि 'पॉड' पद्धतीचा काळ सुरू झाला. २०२० नंतर एकदा वापरून फेकण्याच्या रंगीत उपकरणांनी अनेक देशांची बाजारपेठ व्यापली.

दशकापूर्वीचा वापरकर्ता बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीशी परिचित असतो. कॉइल, वॉट, द्रवाची बाटली या त्याच्या ओळखीच्या गोष्टी होत. नव्या बंदिस्त उपकरणात यांतले काहीच त्याच्या हाती राहत नाही. आत काय भरले आहे, हे वेष्टनावरील मजकुरावरून मानून घ्यावे लागते.

खरा बदल द्रवात

सर्वांत महत्त्वाचा फरक निकोटीनच्या प्रमाणात आहे. मोठ्या मॉडसाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवात प्रति मिलिलिटर ३ ते ६ मिलिग्रॅम निकोटीन असणे सामान्य होते. पॉडमध्ये निकोटीनचे क्षार वापरले जाऊ लागले. आम्ल मिसळून बनविलेले हे क्षार घशाला कमी झोंबतात, त्यामुळे तीव्र द्रवही सहज ओढता येतो. प्रति मिलिलिटर २० ते ५० मिलिग्रॅम प्रमाणाचे द्रव त्यामुळेच प्रचारात आले.

हिशेब सोपा आहे. ३ मिलिग्रॅम तीव्रतेच्या २ मिलिलिटर द्रवात एकूण ६ मिलिग्रॅम निकोटीन असते. ५० मिलिग्रॅम तीव्रतेच्या तेवढ्याच द्रवात ते १०० मिलिग्रॅम होते. जुन्या मोठ्या उपकरणात द्रव अधिक खर्च होत असे, म्हणून प्रत्येक झुरक्यातील तफावत एवढी मोठी नसते. तथापि, तीव्र क्षारद्रव जुन्या जास्त शक्तीच्या उपकरणात भरला, तर ही तफावत पूर्ण अंगावर येते. मळमळ, चक्कर, घाम, छातीत धडधड आणि उलटी ही निकोटीन अधिक झाल्याची लक्षणे आहेत. साधारण एका सिगारेटमधून शरीरात सुमारे १ मिलिग्रॅम निकोटीन शोषले जाते, हे लक्षात घेतल्यास या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो.

येथेच शरीराचा बदलही विचारात घ्यावा लागतो. नियमित वापराने मेंदूतील निकोटीन-ग्राहींची संख्या वाढते आणि पूर्णपणे सोडल्यानंतर काही आठवड्यांत ती पूर्ववत होऊ लागते. सहनशक्ती ओसरलेली असते, पण सवयीची स्मृती टिकून असते. वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या व्यक्तीला म्हणूनच जुनी मात्रा जास्त होते आणि जुनी सवय मात्र लवकर जडते.

कायदा काय सांगतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून ई-सिगारेटवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदीच्या अध्यादेशाला मंजुरी दिली. लोकसभेने २७ नोव्हेंबरला आणि राज्यसभेने २ डिसेंबरला विधेयक संमत केले. ५ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा अस्तित्वात आला.

या कायद्याने उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. व्याख्येत निकोटीन असलेली व नसलेली दोन्ही उपकरणे, तंबाखू न जाळता तापविणारी उपकरणे आणि ई-हुक्का यांचा समावेश आहे. बंदी केवळ संपूर्ण वस्तूवर नसून तिच्या कोणत्याही भागावरही आहे. त्यामुळे 'फक्त कॉइल' किंवा 'फक्त पॉड' विकणेही कायद्याबाहेरचेच ठरते.

विक्री, आयात, वाहतूक आदी गुन्ह्यांसाठी पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पुन्हा गुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साठवणुकीसाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ओढण्याच्या कृतीसाठी कायद्यात स्वतंत्र शिक्षा नमूद नाही. पण कोणत्याही स्वरूपात वा प्रमाणात उपकरण बाळगणे हे कायद्याचे उल्लंघन असल्याची भूमिका केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये मांडली. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने सामानातून 'एक नग' आणणे हीसुद्धा आयातच होय.

गाळा, गोदाम आणि वाहतूकदार

इतवारीसारख्या बाजारपेठेच्या दृष्टीने कायद्यातील साठवणुकीचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. जागेचा मालक, भोगवटादार किंवा ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणीवपूर्वक ई-सिगारेटचा साठा तेथे ठेवू देणे हाही गुन्हा आहे. एका इमारतीत तळाला दुकान, वर गोदाम आणि त्यामागे भाड्याने दिलेली खोली, अशी रचना जुन्या बाजारात सर्रास आढळते. भाडेकरूच्या खोक्यात काय आहे हे ठाऊक असूनही डोळेझाक करणारा घरमालक कायद्याच्या कक्षेत येतो. माल वाहून नेणाऱ्यालाही वाहतुकीवरील बंदी लागू आहे.

ग्राहकाच्या बाजूनेही एक साधी गोष्ट पाहण्याजोगी आहे. इतवारीत माल परखून, भाव करून आणि पक्के बिल घेऊन व्यवहार करण्याची रीत आहे. सोन्याला हॉलमार्क असतो, डबाबंद मालावर उत्पादकाचा पत्ता असतो, तक्रारीला दुकान असते. चोरट्या मार्गाने आलेल्या ई-सिगारेटला यांपैकी काहीच नसते. वेष्टनावर छापलेले निकोटीनचे प्रमाण तपासणारी यंत्रणा नाही, नकली माल ओळखण्याचा भरवशाचा उपाय नाही आणि इजा झाल्यास दाद मागण्याची सोय नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये पसरलेल्या फुप्फुसविकाराने हा धोका जगापुढे आणला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. गांजातील घटक असलेल्या, मुख्यतः अनधिकृत मार्गाने मिळालेल्या द्रवात मिसळलेल्या 'व्हिटॅमिन ई ॲसिटेट'शी त्याचा दाट संबंध आढळला.

इतर देशांतील चित्र

ई-सिगारेटबाबत जगात एकमत नाही, हेही नमूद केले पाहिजे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना तिचा पर्याय सुचविला जातो. सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनयुक्त ई-सिगारेट ही निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांतून निघाला आहे. मात्र तेथेही निकोटीनची मर्यादा प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅम आहे आणि फेकाऊ उपकरणांच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून विक्री केवळ औषध दुकानांपुरती मर्यादित करण्यात आली. सिंगापूर आणि थायलंडमध्ये बंदी आहे.

या आढाव्यांतील प्रश्न सिगारेट ओढणाऱ्याने ती कशी सोडावी, हा आहे. दोन्ही सोडून बसलेल्या माणसाने पुन्हा सुरुवात करावी, असा त्यातून अर्थ निघत नाही. त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी नसून स्वच्छ हवेशी असते.

जवळचा पर्याय : खर्रा

नागपुरात निकोटीनची तल्लफ आलेल्या माणसाला उपकरण शोधत हिंडावे लागत नाही. पानठेला जवळच असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा हे विदर्भाचे सर्वांत प्रचलित तंबाखूसेवन होय. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खर्रा सुटलेला नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला असून, तोंड उघडणे हळूहळू बंद करणारा 'सबम्युकस फायब्रोसिस' हा विकार तिच्याशीच निगडित आहे. ई-सिगारेट मिळत नाही म्हणून खर्ऱ्याकडे वळणे म्हणजे अधिक मोठ्या संकटाला बोलावणे ठरेल.

कायदेशीर पर्याय

औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेल्या निकोटीनच्या औषधी उत्पादनांना २०१९ चा कायदा लागू नाही. निकोटीनचे च्युइंगम, चघळण्याच्या गोळ्या आणि त्वचेवर लावायच्या पट्ट्या या गटात येतात. ज्याच्या शरीराला सध्या निकोटीनची सवयच नाही, त्याने केवळ आठवण आली म्हणून ही उत्पादनेही सुरू करू नयेत. पुन्हा सिगारेट, खर्रा किंवा ई-सिगारेट सुरू होऊन नियमित झाली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावीत.

च्युइंगमची पद्धत खर्ऱ्याहून निराळी आहे, हे मुद्दाम सांगावे लागते. ते एकसारखे चघळायचे नसते. झिणझिण्या जाणवेपर्यंत सावकाश चावून नंतर गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, चव ओसरली की पुन्हा चावावे. साधारण अर्धा तास ते पुरते. त्यापूर्वी १५ मिनिटे चहा, कॉफी किंवा आंबट पेय टाळावे, अन्यथा निकोटीन नीट शोषले जात नाही. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनाची राष्ट्रीय सेवा १८००-११२-३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध आहे.

तल्लफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिणे, थोडे चालणे किंवा बडीशेप चघळणे उपयोगी पडते. तल्लफ कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत येते याची नोंद ठेवल्यास तिचे कारण बहुधा कामाचा ताण, जागरण किंवा जुनी मित्रमंडळी यांत सापडते.

कपाटातील जुने उपकरण

वर्षानुवर्षे पडून असलेले उपकरण पुन्हा चार्ज करणे धोक्याचे आहे. लिथियमचे घट पूर्ण उतरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ राहिल्यास बिघडतात आणि चार्ज करताना पेट घेऊ शकतात. सुट्या घटावरील आवरण फाटले असेल, तर खिशातील किल्ली किंवा नाण्याचा स्पर्शही पुरेसा होतो. जुना द्रव हवेशी संयोग होऊन तपकिरी झालेला असतो. लहान मुलाने तो थोडा जरी गिळला, तरी विषबाधेचा धोका असतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

असे उपकरण घरच्या कचऱ्यात टाकू नये, कुणाला देऊ नये आणि विकू तर नयेच, कारण विक्री हा गुन्हा आहे. घट सुटा होत असल्यास काढून त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि उपकरणासह ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावा. राहिलेला द्रव नाल्यात ओतू नये. कुपी घट्ट बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने घरातील घातक कचऱ्यासोबत वेगळी द्यावी.