हुंडी नाकारली आणि साम्राज्य बुडालं

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका खेळापासून करूया.

आम्ही काही मित्र रविवारी ऑनलाइन बसून सायन्स फिक्शन रोलप्लेइंग गेम खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे, आणि जग सांभाळायचं काम गेम मास्टरचं. सध्या गेम मास्टर मी आहे. नव्या कॅम्पेनसाठी मला असं अंतराळ रचायचंय, जिथे मोठं साम्राज्य कधीच कोसळलंय आणि माणसं उरल्यासुरल्यावर जगतायत.

आता, ते कोसळलं कशानं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: महायुद्ध, एलियन, नाहीतर भलामोठा स्फोट. मला मात्र यापेक्षा भारी उत्तर एका जुन्या खेळात सापडलं.

1977 मध्ये अमेरिकेत मार्क मिलरचा 'ट्रॅव्हलर' आला. एका छोट्या पेटीत तीन काळी पुस्तकं. पुढे त्याच्याभोवती हजारो वर्षांचा काल्पनिक इतिहास उभा राहिला. त्या जगात यानापेक्षा वेगानं निरोप जात नाही. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे झेप घ्यायला साधारण आठवडा लागतो, आणि बातमीही त्याच यानात बसून येते. म्हणजे शिडाच्या जहाजांचा काळच, फक्त समुद्राच्या जागी अंतराळ.

या इतिहासातलं दुसरं साम्राज्य कसं संपतं माहितीये? एका खजिन्यानं दुसऱ्या खजिन्याचा पैसा स्वीकारायला नकार दिला. बस्स! आपल्या भाषेत सांगायचं तर हुंडी वटली नाही. हुंडी म्हणजे शेवटी कागदच. तिच्यामागे लांबच्या पेढीवरचा विश्वास असतो. तो गेला की व्यापार थांबतो, व्यापार थांबला की यानं थांबतात, आणि मग सतराशेहून जास्त वर्षांची 'लाँग नाइट', लांबलचक रात्र.

हे नुसतं कल्पनेतलं नाही बरं का. 1982 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्रतळाशी धातूचे विचित्र तुकडे दिसले. ते निघालं इसवी सनपूर्व 1300 च्या आसपास बुडालेलं जहाज. त्यात सुमारे 10 टन तांबं होतं आणि 1 टन कथील. दहाला एक, हे ब्राँझ बनवायचं प्रमाण! तांबं सायप्रसचं, निदान काही कथील त्याहून कितीतरी लांबचं. म्हणजे तलवारीपासून विळ्यापर्यंत सगळं या लांबच्या वाटांवर अवलंबून. साधारण शंभर वर्षांनी हे जग ढासळलं. हित्ती साम्राज्य संपलं, उगारित शहर जळालं, ग्रीसमधले मायसीनी राजवाडे पडले. दुष्काळ, भूकंप, समुद्री टोळ्या, अंतर्गत बंड अशी कारणं अभ्यासक देतात. पण सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं होतं, की एक गाठ सुटली आणि बाकीच्या सैल झाल्या.

म्हणून सेटिंग रचताना मी आधी ठरवतो: कुठला धागा तुटला? धागा ठरला की बाकीचं जग आपोआप उलगडतं. 'स्टार्स विदाउट नंबर' हा 2010 चा खेळ हेच करतो. त्यात ताऱ्यांमधली दारं चालवणारी माणसं एका झटक्यात मरतात किंवा वेडी होतात. दारं बंद पडतात. मग बाहेरून धान्य आणणारे श्रीमंत ग्रह आधी उपाशी मरतात, आणि मागासलेले तगतात.

दुसरा प्रश्न: लोक काय विसरले? मायसीनी राजवाड्यांतले कारकून लोकर, तेल, रथांची चाकं यांचा हिशेब मातीच्या पाट्यांवर लिहायचे. राजवाडे जळाले, हिशेब संपला, आणि ती लिपीच मेली. गंमत बघा, त्याच आगीत कच्च्या पाट्या भाजून निघाल्या म्हणून आज आपल्याला मिळाल्या. पुढे सुमारे 400 वर्षं ग्रीसमध्ये लिखाण जवळजवळ नाहीच. नंतरच्या ग्रीकांना मायसीनीच्या अजस्र भिंती एकडोळ्या राक्षसांनी बांधल्यात असं वाटायचं!

हसू नका. नाशिकच्या पांडवलेण्यांना आपण काय म्हणतो? सातवाहन काळातली ती बौद्ध लेणी. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत तिथेच भिंतीवर कोरलेली. पण ती वाचणारं शतकानुशतकं कुणी उरलं नाही, म्हणून लोकांनी लेणी पांडवांना देऊन टाकली. माझ्या अंतराळातल्या पडक्या स्टेशनलाही गावकरी देवांचंच घर म्हणतात. दारावर खरं नाव लिहिलंय, फक्त वाचता येत नाही.

तिसरा प्रश्न आमच्यातल्या एका मैत्रिणीनं विचारला आणि मी गप्पच झालो. "साम्राज्य पडलं म्हणून सगळे रडतायत, पण त्याला कर देणाऱ्यांचं काय?" खरंय की! पडझडीचा इतिहास बहुधा राजवाड्याच्या बाजूनं सांगितला जातो. राजवाडा पडला तेव्हा लोकरीचा हिशेबही थांबला, आणि ती लोकर कुणाच्यातरी मेंढ्यांची होती. भूक आली, माणसं मेली, हे खोटं नाही. पण त्याच काळात लोखंड हळूहळू पसरलं, आणि ते बऱ्याच ठिकाणी घराजवळच मिळत होतं.

तर माझं सेटिंग असं ठरलंय: तीन ग्रह आणि मध्ये एक बंद पडलेला जकात नाका. एका ग्रहाला नाका पुन्हा सुरू हवाय, कारण त्याची औषधं तिथून यायची. दुसऱ्याला तो कायमचा मोडून टाकायचाय, कारण त्याचं धान्य तिथून जायचं. तिसऱ्याला नाका म्हणजे देऊळ वाटतं. खेळाडूंकडे चालू स्थितीतलं एकच यान आहे, आणि साम्राज्याच्या शिक्क्याची एक जुनी हुंडी. ती कुणी वटवेल का, हे फाशांवर नाही, तर ते कुणाचा विश्वास कमावतात यावर ठरणार.

तुम्ही असं जग रचलंत, तर तुमचा कुठला धागा तुटलेला असेल? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!