एक विहीर की शंभर बोअर?

परवा लातूरला मामांकडे गेलो होतो. मामा म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन 12 टाकत बसलो होतो, तर म्हणाले, "सकाळपासून काय करायलास रे?"

"मामा, तुमच्यासाठी सेजमॅथ टाकतोय. गणिताचं सॉफ्टवेअर आहे, फुकट."

एक ओळ टाइप केली, एंटर मारलं आणि जेवणं होईपर्यंत सगळं बसलंसुद्धा. मामांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र नांदेडची खोली आठवली.

साल 2011. मित्राने पुण्याहून सेजचा सोर्स कोड डीव्हीडीवर आणून दिला होता. डेबियनमधलं पॅकेज तोवर पार शिळं झालेलं, म्हणून स्वतःच कंपाइल करायचं ठरवलं. रात्री लावून झोपायचं आणि पहाटे लोडशेडिंग! तीन रात्री असंच झालं. चौथ्या रात्री नाद सोडला. तेव्हा वाटलं होतं, आपल्यालाच जमत नाही. खरी गोष्ट बरीच नंतर कळली.

मंडळी, ती गोष्ट अशी. विल्यम स्टाइन या अमेरिकन गणितज्ञाने 2005 मध्ये सेज सुरू केलं. मॅथेमॅटिका, मेपल, मॅग्मा ही विकतची सॉफ्टवेअर्स उत्तर देतात, पण ते कसं काढलं हे आत डोकावून पूर्णपणे बघू देत नाहीत. स्टाइनना उघडा पर्याय हवा होता. सगळं नव्याने लिहिण्यापेक्षा त्यांनी आधीपासून असलेली साधनं पायथॉनने जोडली. ग्रुप थिअरीला गॅप, नंबर थिअरीला पारी, कॅल्क्युलसला मॅक्सिमा... असं करत शंभराच्या आसपास घटक जमले.

अडचण इथेच होती. सेज प्रत्येक घटकाची स्वतःची प्रत, स्वतःच्या दुरुस्त्यांसह, सोबत घेऊन फिरायचं. 1993 पासून चालत आलेल्या डेबियनचा दंडक याच्या उलट. एका लायब्ररीची सगळ्यांसाठी एकच प्रत. त्यात चूक सापडली की एकदाच दुरुस्त करायची, सगळ्यांना फायदा.

लातूरकरांना हे लगेच कळेल. घरोघरी बोअर घेतला की ज्याची त्याची सोय होते, पण देखभाल प्रत्येकाला वेगळी. गावाला एक विहीर असली तर एकदा गाळ काढला की सगळ्यांचं भागतं. मात्र त्या विहिरीवर शंभर घरांचे नळ जोडायचे, तर प्रत्येकाचा पाइप वेगळ्या मापाचा!

2008 मध्ये टिम अ‍ॅबट या एमआयटीच्या विद्यार्थ्याने हे काम अंगावर घेतलं आणि 2009 च्या डेबियन 5 मध्ये सेज आलं. पण सेजच्या आवृत्त्या भराभर निघत होत्या. एवढ्या सगळ्यांशी जुळवून घेत राहणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. पॅकेज मागे पडलं आणि शेवटी काढून टाकावं लागलं. पुढे टोबियास हान्सेन, झिमिन लुओ वगैरे मंडळींनी पुन्हा सुरुवात केली. एकेक घटक वेगळा पॅकेज करायचा, सेजच्या चाचण्या चालवायच्या, जिथे उत्तर बदललं तिथे कारण शोधायचं. अखेर जून 2017 मध्ये, डेबियन 9 सोबत, सेज पुन्हा सगळ्यांच्या हाती आलं. त्यानंतर खुद्द सेजनेही पद्धत बदलली. कंपाइल करताना मशीनवर आधीच असलेले चालण्याजोगे घटक ते वापरू लागलं. विहीरवाल्यांचं म्हणणं बोअरवाल्यांना पटलं म्हणायचं!

असो. जेवण झाल्यावर मामांना विचारलं, "श्रीखंडे माहीत आहेत?"

"शरच्चंद्र श्रीखंडे? ऑयलरला खोटं पाडणारे?"

तेच. दहा बाय दहाचे दोन लॅटिन चौरस असे मांडायचे की एकावर एक ठेवल्यावर अंकांच्या शंभरही जोड्या एकेकदाच याव्यात. हे अशक्य आहे, असा ऑयलरचा अंदाज होता. 1959 मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी तो खोडून काढला. मामांनी वर्गात ही गोष्ट पुष्कळदा सांगितली होती, पण ते चौरस कधी पाहिले नव्हते. मी सेजमध्ये एक ओळ लिहिली आणि दोन्ही चौरस पडद्यावर आले. मामा चष्मा पुसून एकेक ओळ बोटाने तपासत बसले. चहा गार झाला.

"हे कुणी केलं रे?" त्यांनी विचारलं.

गणित बोस-श्रीखंडे-पार्करांचं, प्रोग्रॅम सेजवाल्यांचा, हे मी सांगितलं. पण ते लातूरच्या या लॅपटॉपपर्यंत पोचवणारे आणखी कुणी होते. त्यांचं नाव ना प्रमेयावर असतं ना पडद्यावर. त्यांचं काम नीट झालं तर कुणाला दिसतच नाही. ते थांबलं तर मात्र पुन्हा कुणीतरी पोरगा भाड्याच्या खोलीत तीन रात्री जागतो आणि समजतो, आपल्यालाच जमत नाही.