दूरशिक्षणातील प्रतिसादाचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतातील दूरशिक्षणाचा इतिहास बहुधा प्रसाराचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विद्यार्थ्याच्या प्रतिसादाची बाजू त्यात उपेक्षित राहते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा उत्तरे मंदगतीने का होईना, टपालाने शिक्षकाकडे येत. १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगात एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. परंतु तेथील प्रेक्षकास त्या संचातून प्रश्न विचारता येत नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे १९८४ पासूनचे दूरदर्शन-कार्यक्रमही एकमार्गी, आणि प्रामुख्याने इंग्रजीत. या पार्श्वभूमीवर १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने मराठी पाठ्यपुस्तकांना संपर्कसत्रांची जोड दिली, हे अधिक मूलगामी पाऊल म्हणावे लागेल. २००४ च्या एज्युसॅटने द्विमार्गी संवाद साधला, पण तो नियोजित केंद्रांपुरताच. २०१७ पासून 'स्वयम्'वर माध्यमविद्या व कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय घरबसल्या अभ्यासता येऊ लागले. तेथे चर्चापीठ आहे. तथापि मोठ्या नोंदणीच्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांची तपासणी बव्हंशी यंत्रच करते. बहुपर्यायी प्रश्नांना ते पुरते. संप्रेषणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या वृत्तलेखाला वा पटकथेला मात्र वाचणारा शिक्षकच लागतो.