यमन, लिडियन आणि रुक्मिणी

व्हिडिओ गेमच्या संगीताची चर्चा करताना 'लिडियन' ही पाश्चात्त्य स्वरपंक्ती हमखास अद्भुताच्या खाती जमा केली जाते. तिचे सात स्वर मात्र आपल्या यमनचेच: मध्यम तीव्र, बाकी सारे शुद्ध. आता 1916 चे खाडिलकरांचे 'संगीत स्वयंवर' आठवावे. भास्करबुवा बखले यांनी रुक्मिणीचे 'नाथ हा माझा' याच यमनात बांधले आणि बालगंधर्वांनी ते गायिले. (गंधर्वांची पहिली तालीम जळगावात मेहबूबखाँकडे झाली, तेथील खुले नाट्यगृह त्यांच्याच नावाचे आहे.) या पदात अद्भुत कोठे आहे? आहे तो निश्चयाला पोचलेला शृंगार.

स्वर तेच असून रस बदलला, कारण राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. निषादावरून उठून षड्ज ओलांडणारे यमनचे चलन, संध्याकाळची वेळ आणि मुख्य म्हणजे प्रसंग, यांतून तो भाव उभा राहतो. भरतानेही जातींना रस नेमून दिले ते नाट्यप्रयोगासाठीच. आपले विद्यार्थी मात्र त्याचे तक्ते पाठ करतात. 1991 च्या 'मंकी आयलंड 2' या गेममध्ये खेळाडूच्या हालचालीनुसार संगीत वळण घेई. गंधर्वांच्या रंगभूमीवर 'वन्समोर' मिळाला की कथानकच थांबे, आणि रुक्मिणी तोच निश्चय पुन्हा नव्या अंगाने गाई.