एकच पत्ता, दोन कार्डे : जुन्या संगणकातील मेमरी संघर्ष

जुन्या संगणकात नवे कार्ड बसवल्यावर यंत्र सुरूच होत नाही, हार्ड डिस्क दिसेनाशी होते किंवा नेटवर्क मध्येच तुटते. अशा वेळी कार्ड निकामी ठरवले जाते. प्रत्यक्षात अनेकदा दोन्ही कार्डे सुस्थितीत असतात. दोघांनी मेमरीतील एकाच पत्त्यावर हक्क सांगितलेला असतो, इतकेच.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीतील इंटेल ८०८८ प्रोसेसरला १ मेगाबाइट, म्हणजे १०२४ किलोबाइट मेमरीपर्यंतच पोहोचता येई. त्यातील ६४० किलोबाइट प्रोग्रॅमसाठी आणि वरचे ३८४ किलोबाइट यंत्रणेसाठी राखीव होते. या राखीव पट्ट्यातील पहिले १२८ किलोबाइट पडद्यावरील चित्रासाठी, तर शेवटचे ६४ किलोबाइट बायोससाठी वापरले जात. मधल्या जागेत व्हीजीए कार्डाचा रॉम, हार्ड डिस्क नियंत्रकाचा रॉम, नेटवर्क कार्डाची मेमरी आणि विस्तारित मेमरीची ६४ किलोबाइटची खिडकी या सर्वांना सामावून घ्यावे लागे. आयएसए पद्धतीच्या जुन्या कार्डांचे पत्ते जंपर किंवा लहान स्विचने ठरत. त्यामुळे दोन कार्डे एकाच जागी येणे सहज शक्य होते.

उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत काढावी आणि जंपरची मूळ स्थिती लिहून ठेवावी. त्यानंतर केवळ आवश्यक कार्डे ठेवून यंत्र सुरू करावे व उरलेली एकेक करून बसवावीत. प्रत्येक कार्डाचा आरंभीचा पत्ता आणि त्याने व्यापलेली जागा यांचा तक्ता केल्यास कोठे आच्छादन होते, ते लगेच दिसते. व्हीजीएचा रॉम साधारणतः सी००० पासून ३२ किलोबाइट व्यापतो. म्हणून इतर कार्डांसाठी सी८०० किंवा त्यापुढील मोकळी जागा निवडावी.

तक्ता निर्दोष असूनही अडचण राहिल्यास दोन शक्यता तपासाव्यात. पहिली, ईएमएम३८६ सारखा मेमरी व्यवस्थापक. नेटवर्क कार्डाची मेमरी अनेकदा ड्रायव्हर सुरू झाल्यावरच जागी होते; तोवर ती जागा रिकामी समजून व्यवस्थापक तिचा ताबा घेतो. कार्ड डी००० पासून १६ किलोबाइट वापरत असेल, तर कॉन्फिग.सिस फाइलमधील ईएमएम३८६ च्या ओळीत ‘एक्स=डी०००-डी३एफएफ’ असे लिहून तेवढी जागा वगळता येते.

दुसरी शक्यता सहजी लक्षात येत नाही. आयएसए मार्गावर १६ बिटांचे कार्ड अनेकदा १२८ किलोबाइटच्या संपूर्ण गटासाठी आपली रुंदी जाहीर करते. त्याच गटातील ८ बिटांच्या कार्डाची माहिती त्यामुळे चुकीची वाचली जाते. पत्ते वेगळे असले तरी ही अडचण येते. अशा वेळी १६ बिटांचे कार्ड ८ बिटांच्या स्थितीत चालवावे किंवा दोघांपैकी एकाचा गट बदलावा.

पुढे पीसीआय आणि प्लग अँड प्ले पद्धतींमुळे पत्त्यांचे वाटप यंत्राकडे गेले. मात्र जंपरची कार्डे असलेल्या यंत्रात हे काम आजही हातानेच करावे लागते. म्हणून कार्ड टाकून देण्यापूर्वी ते दुसऱ्या मोकळ्या पत्त्यावर एकदा चालवून पाहणे श्रेयस्कर.