पारितोषिक आणि योग्यता

युरोपांतील ग्रंथकारांच्या थोरवीचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षितांच्या तोंडीं प्रथम नोबेल पारितोषिकाचें नांव येतें. ज्यांस तें लाभलें ते थोर, इतर दुय्यम, असा एक सोपा हिशेब आपण करून ठेवला आहे. तो कितपत भरंवशाचा आहे, हें पाहण्यास त्या पारितोषिकाच्या आरंभींचा इतिहास पुरेसा आहे.

आल्फ्रेड नोबेल यांनीं १८९५ सालीं केलेल्या मृत्युपत्रांत, आदर्शाकडे वळलेल्या उत्कृष्ट वाङ्मयास हा मान मिळावा, अशी इच्छा लिहून ठेवली. निवडीचें काम स्वीडिश अकादमीकडे आलें. १९०१ सालीं पहिलें पारितोषिक सुली प्रुदोम या फ्रेंच कवींस देण्यांत आलें. 'युद्ध आणि शांति' व 'ॲना कॅरेनिना' यांचे कर्ते टॉलस्टॉय त्या वेळीं हयात होते! स्वीडनमधीलच ४२ लेखक, कलावंत व टीकाकारांनीं त्यांस पत्र लिहून या निवडीविषयींची आपली नापसंती कळविली. टॉलस्टॉय यांचें उत्तर त्यांच्या स्वभावास साजेसेंच होतें. पैशापासून अनर्थच होतो, तेव्हां त्याची विल्हेवाट लावण्याचें संकट टळलें म्हणून आपणांस आनंदच वाटतो, असें त्यांनीं कळविलें.

अकादमीवर अन्याय होऊं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या वर्षीं टॉलस्टॉय यांचें नांव नियमाप्रमाणें कोणी सुचविलेंच नव्हतें. प्रुदोम हेही कांहीं सामान्य गृहस्थ नव्हते. १८८१ पासून ते फ्रेंच अकादमीचे सभासद होते, आणि मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनीं होतकरू कवींच्या पारितोषिकासाठीं वेगळा काढला. परंतु १९०२ सालीं टॉलस्टॉय यांचें नांव पुढें आल्यावरही निवड झाली ती रोमचे इतिहासकार मॉमसेन यांची. अकादमीचे चिटणीस वीर्सेन हे जुन्या वळणाचे होते. धर्मसंस्था व राज्यसंस्था यांविषयींचा आदर हाच त्यांच्या लेखीं आदर्श, आणि टॉलस्टॉय यांनीं तर या दोन्ही संस्थांचा अधिकारच नाकारला होता. १९०३ सालीं नॉर्वेस मान मिळाला, तोही इब्सेन यांस नव्हे, ब्यर्नसन यांस. इब्सेन १९०६ सालीं आणि टॉलस्टॉय १९१० सालीं पारितोषिकावांचूनच निवर्तले.

यावरून पारितोषिकें निरर्थक ठरतात, असें आम्ही म्हणत नाहीं. एका विशिष्ट काळीं एका विद्वन्मंडळास काय पूज्य वाटत होतें, हें त्यांवरून चांगलें कळतें. मात्र ग्रंथाची योग्यता ठरविण्याचें काम पिढ्यानुपिढ्यांच्या वाचकांचें आहे, आणि तें दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं. घरांत मुलांसाठीं ग्रंथ निवडतांना सन्मानितांची यादी अवश्य पाहावी, पण तिच्या बाहेर राहिलेल्यांचीं पुस्तकेंही उघडून पाहावीं. तसें न केल्यास 'ॲना कॅरेनिना'सारखी कादंबरी न वाचतांच आयुष्य जाईल, आणि तो तोटा टॉलस्टॉय यांचा नव्हे, आपला असेल.