डिसोझा, नेव्हिल
(३ ऑगस्ट १९३२ – १६ मार्च १९८०). भारताचा नामवंत फुटबॉलपटू व मध्य आघाडीचा खेळाडू. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा (हॅटट्रिक) पहिला आशियाई खेळाडू म्हणून त्याची ख्याती आहे. त्याचा जन्म गोव्याच्या बारदेश तालुक्यातील आसगाव येथे झाला. त्या काळी गोवा पोर्तुगीज अंमलाखाली होता. नोकरीधंद्यासाठी मुंबईस येणाऱ्या गोमंतकीयांची वस्ती धोबीतलाव व आसपासच्या भागांत मोठी असून, गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कुडां’मधून त्यांचे सामुदायिक जीवन टिकून राहिले. मुंबईच्या फुटबॉलला या समाजाने अनेक खेळाडू पुरविले. नेव्हिलची कारकीर्दही मुंबईतच घडली. गोवा मुक्त होण्यापूर्वी (१९ डिसेंबर १९६१) पाच वर्षे त्याच्या जन्मगावावर परकी निशाण असताना तो भारताच्या वतीने ऑलिंपिकमध्ये खेळला.

तत्कालीन भारतीय फुटबॉल हौशी स्वरूपाचा होता. खेळाडूंना वेतन खेळाबद्दल नव्हे, तर नोकरीबद्दल मिळे. त्यामुळे मुंबईतील प्रमुख संघ बहुधा व्यापारी व औद्योगिक कंपन्यांचे असत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌स क्लब व कॅल्टेक्स या संघांकडून खेळला. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेत १९५८ साली कॅल्टेक्सने विजेतेपद मिळविले. १९५४ मध्ये संतोष करंडक जिंकणाऱ्या मुंबई राज्याच्या संघातही तो होता.

हेल्‌सिंकी ऑलिंपिकमध्ये (१९५२) यूगोस्लाव्हियाकडून भारताचा १–१० असा दारुण पराभव झाला. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर देशात बूट घालून खेळणे सक्तीचे करण्यात आले. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला व समर बॅनर्जी याच्या नेतृत्वाखालील नवा संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी गेला. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारतास पुढील चाल मिळाली व १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी त्याची गाठ पडली.

या सामन्यात नेव्हिलने ९ व्या व ३३ व्या मिनिटांना गोल केले. पण ब्रूस मॉरो याने दोन्ही वेळा बरोबरी साधल्याने मध्यंतरास २–२ अशी स्थिती होती. ५० व्या मिनिटास नेव्हिलने तिसरा गोल केला व ८० व्या मिनिटास कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू याने चौथा गोल करून ४–२ असा विजय निश्चित केला. त्यायोगे ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. हा विजय निव्वळ योगायोगाचा नव्हता, हे त्याच महिन्यात सिडनी येथील मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियास ७–१ असे नमविल्याने दिसून आले.

उपांत्य सामन्यात यूगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरानंतर ५२ व्या मिनिटास नेव्हिलनेच भारतास आघाडी मिळवून दिली. मात्र ती दोनच मिनिटे टिकली व भारत १–४ असा हरला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातही बल्गेरियाने ३–० असा विजय मिळविला. पदक हुकले, तरी चार गोल करणारा नेव्हिल हा यूगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोव्हिच व बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्यासह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. मेलबर्नच्या संघातील प्रदीपकुमार बॅनर्जी, तुलसीदास बलराम व पीटर थंगराज यांना पुढे तो लाभला. नेव्हिलला मात्र तो मिळाला नाही. व्यावसायिक संघटन व राष्ट्रीय साखळी स्पर्धा यांच्या अभावी त्या पिढीतील खेळाडूंची कामगिरी जनमानसातून लवकर ओसरली. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय पुरुष संघ त्या स्पर्धेस पात्र ठरू शकला नाही. हे ध्यानी घेता नेव्हिलच्या कामगिरीचे मोल अधिकच जाणवते.